क्रमांक हे माणसाचे नाव असते, मोजायची संख्या नव्हे

संगणक आणि आपले घर



आपल्या वस्त्यांमधून गेल्या काही वर्षांत एक नवे काम घरोघरी आले आहे. कोणाची लेक आपले सरकार सेवा केंद्रात बसते, कोणाचा मुलगा ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे, कोणाची सून अंगणवाडीची माहिती मोबाईलवर भरते. जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावी तहसील, पंचायत समिती, शाळा, पतसंस्था अशा प्रत्येक ठिकाणी संगणकासमोर आपल्यातले कोणी ना कोणी बसलेले दिसते. एमएस-सीआयटीची परीक्षा २००१ नंतर गावोगाव पोहोचली, तिचाही यात मोठा वाटा आहे.

या सर्वांच्या वाट्याला एक काम हमखास येते. साहेब म्हणतात, "ती माहिती एक्सेलमध्ये काढून द्या." काम पाच मिनिटांचे वाटते. बटन दाबले, फाईल उतरली, उघडली, पुढे पाठवली. महिन्याभराने एखादी म्हातारी दारात येऊन विचारते, "बापू, माझे पैसे का आले नाहीत?" तेव्हा कळते की मूळ नोंद बरोबर होती आणि यादीत ती बिघडली. हा बिघाड कसा होतो व तो कसा शोधावा, हे आज पाहू.

आधी गोष्ट समजून घेऊ. डेटाबेस म्हणजे कप्पे केलेले गोदाम. कोणत्या कप्प्यात नाव, कोणत्यात तारीख, कोणत्यात रक्कम हे ठरलेले असते. एक्सेल म्हणजे रेघा आखलेली मोठी वही. गोदामातला माल वहीपर्यंत नेताना बहुधा सीएसव्ही नावाची फाईल वापरतात. ही फाईल अगदी साधी असते. एका माणसाची एक ओळ, आणि दोन रकान्यांच्या मध्ये एक स्वल्पविराम, एवढेच. कोणता रकाना तारखेचा व कोणता खाते क्रमांकाचा, हे ती फाईल सांगत नाही. मग एक्सेल स्वतःच अंदाज बांधतो. आकडे दिसले की ती संख्या असेल, तिरपी रेघ दिसली की ती तारीख असेल, असे तो धरून चालतो. बहुतेक चुका याच अंदाजातून जन्मतात.

पहिला दोष : लांब क्रमांकांचा. आधार क्रमांक बारा अंकी असतो. सीएसव्ही फाईलवर दोनदा टिचकी मारून ती उघडली की आधारच्या रकान्यात १.२३४५७ई+११ असे काहीतरी दिसते. ही मोठी संख्या थोडक्यात लिहिण्याची शास्त्रीय पद्धत आहे. येथवर घाबरण्याचे कारण नाही. पेशीच्या आत बारा अंक अजून शाबूत असतात. रकान्याला 'नंबर' हे रूप देऊन दशांश शून्य केले की ते पुन्हा दिसतात. परंतु त्याच अवस्थेत फाईल पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन केली, तर जे डोळ्यांना दिसते तेच फाईलमध्ये लिहिले जाते. पहिले पाच-सहा अंक उरतात, बाकीचे कायमचे जातात. मग कोणतेही रूप बदला, ते परत येत नाहीत.

बँक खात्याचे प्रकरण याहून कठीण आहे. एक्सेल कोणत्याही संख्येचे फक्त पंधरा अंक सांभाळतो. सोळावा अंक तो शून्य करून टाकतो. स्टेट बँकेचा खाते क्रमांक अकरा अंकी आहे, तो यातून सुटतो. पंजाब नॅशनल बँकेचा सोळा अंकी आहे. त्याच्या शेवटी सात असेल तर फाईल उघडताक्षणीच शून्य होते. लाल खूण येत नाही, घंटा वाजत नाही. एखाद्या रकान्यातील सगळेच सोळा अंकी क्रमांक शून्याने संपताना दिसले, तर समजावे की हा योगायोग नाही.

दुसरा दोष : पुढच्या शून्याचा. ०७२६६ हा आपल्याकडचा दूरध्वनीचा एसटीडी क्रमांक एक्सेलमध्ये ७२६६ होतो. हजेरीपटाचा ००४५ हा ४५ होतो. संख्या म्हणून पाहिले तर एक्सेलचे बरोबर आहे, पुढच्या शून्याला किंमत नसते. पण तो क्रमांक मोजण्यासाठी लिहिलेलाच नसतो. या दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे आणि आजच्या लेखातली लक्षात ठेवण्याची गोष्टही तीच आहे. ज्याची बेरीज कधी करायची नाही तो क्रमांक संख्या नव्हे, ते नाव आहे. आधार, बँक खाते, शिधापत्रिका, मोबाईल, परीक्षेचा आसन क्रमांक ही सगळी माणसांची दुसरी नावे आहेत. नाव जसे अक्षरांत लिहितो तसाच हा रकाना 'टेक्स्ट' म्हणजे मजकूर म्हणून ठेवावा. बेरीज फक्त रकमेची, वर्गणीची, किलोची करावी.

तिसरा दोष : तारखांचा. आपण दिवस आधी लिहितो व महिना नंतर. अमेरिकेत उलटे आहे. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर काय होते, हे आपल्या ओळखीच्या दोन तारखांवरून पाहा. ६-१२-१९५६ ही तारीख एक्सेल १२ जून १९५६ अशी समजतो. १४-१०-१९५६ मध्ये मात्र चौदावा महिना नसल्यामुळे ती तारीखच नाही असे धरून तो मजकूर म्हणून सोडून देतो. म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा उलटल्या व काही तशाच राहिल्या. ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्या तारखा पेशीच्या उजवीकडे चिकटून बसल्या त्या एक्सेलने तारीख म्हणून घेतल्या, ज्या डावीकडे बसल्या त्या घेतल्या नाहीत. रकाना असा दुभंगलेला दिसला की पुढे जाऊ नये. विद्यार्थ्याच्या जन्मतारखेत दिवस व महिना उलटला, तर दाखला आणि अर्ज जुळत नाही व अर्ज परत येतो.

आणखी एक गंमत. एक्सेलचे कॅलेंडर १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. १४-४-१८९१ ही तारीख त्याला तारीख म्हणून ठाऊकच नाही. शाळेच्या कार्यक्रमासाठी महापुरुषांच्या जयंतीची यादी करून ती क्रमाने लावू पाहाल, तर एकोणिसाव्या शतकातील सर्व मंडळी सगळ्यांत जुनी असूनही यादीच्या शेवटी जाऊन बसतील. हा संगणकाचा बिघाड नव्हे, ही त्याची मर्यादा आहे. अशा तारखा आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने मजकूर म्हणून लिहाव्यात. म्हणजे क्रम नीट लागतो.

तारखेच्या या हव्यासापायी एक्सेल जे तारीख नाही त्यालाही तारीख करतो. आपला सातबाराच घ्या. पेशीत ७/१२ लिहा, तो ७ डिसेंबर होतो किंवा १२ जुलै. वर्ष २०२४ असेल तर आत ४५६३३ असा आकडा साठवला जातो. नंतर त्या रकान्याला मजकूर केले तरी ७/१२ परत येत नाही, ४५६३३ येते. १२/२ असा गट क्रमांक असलेल्या शेतकऱ्याचीही तीच गत. वधू-वर परिचय मेळाव्याच्या याद्या करणाऱ्यांनी तर फारच जपावे. उंची ५-४ लिहिली की एप्रिल किंवा मे महिन्यातली तारीख होते. ५.१० लिहिली की शेवटचे शून्य गळून ५.१ उरते. पाच फूट दहा इंचांचा मुलगा यादीत पाच फूट एक इंचाचा होतो आणि चांगले स्थळ हातचे जाते!

या दोषाने मोठमोठे शास्त्रज्ञही हैराण झाले. माणसाच्या शरीरातील काही जनुकांची इंग्रजी नावे 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशा थाटाची होती. एक्सेल त्यांना १ मार्च, १ सप्टेंबर करून टाकी. २०१६ साली झालेल्या एका तपासणीत दिसले की, ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या होत्या त्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका होत्या. शेवटी नावे ठरवणाऱ्या जागतिक समितीने २०२० मध्ये अशा जनुकांची नावेच बदलली. एक्सेल बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये हे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय दिली. 'फाईल'मध्ये 'ऑप्शन्स', त्यात 'डेटा' येथे ती सापडते. ही सोय नव्या आवृत्तीत आहे. कचेऱ्यांतील जुन्या संगणकांवर ती असेलच असे धरू नये.

चौथा दोष : मराठी अक्षरांचा. फाईल उघडली आणि 'वडशिंगी'च्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेल्या रोमन 'ए'सारख्या चिन्हांची रांग दिसली, तर मजकूर नष्ट झालेला नाही. फाईल युनिकोडच्या 'यूटीएफ-८' या पद्धतीने लिहिलेली आहे व एक्सेल ती जुन्या इंग्रजी पद्धतीने वाचत आहे, एवढाच अर्थ. फाईल जतन न करता बंद करावी व पुढे सांगितल्याप्रमाणे पुन्हा उघडावी. दुसरा प्रकार वेगळा आहे. नाव उलटसुलट इंग्रजी अक्षरांत दिसते आणि 'कृतिदेव'सारखा जुना फाँट लावला की नीट वाचता येते. अशा नोंदी युनिकोडमध्ये नसतातच. त्या परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. त्यानंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावेत, कारण नेमके तेथेच परिवर्तक चुकतो.

पाचवा दोष : सरकलेल्या रकान्यांचा. पत्ता लिहिताना आपण "मु. आसलगाव, ता. जळगाव जामोद, जि. बुलढाणा" असे लिहितो. यात दोन स्वल्पविराम आले. सीएसव्हीमध्ये स्वल्पविराम म्हणजे नवा रकाना. पत्त्याभोवती अवतरणचिन्हे नसतील तर पत्ता तीन रकान्यांत फुटतो, मोबाईलच्या जागी जिल्हा येतो व खाते क्रमांक दोन घरे पुढे जातो. पत्ता लिहिताना कोणी मध्येच नवी ओळ केली असेल तर एका माणसाच्या दोन ओळी होतात. निर्यात करताना 'प्रत्येक रकाना अवतरणात ठेवा' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो निवडावा. शेऱ्याच्या रकान्यात कोणी सुरुवातीलाच वजाची किंवा बरोबरची खूण केली असेल, तर एक्सेल त्याला सूत्र समजतो व 'नेम' अशी चूक दाखवतो. येथेही रकाना मजकूर ठेवणे हाच उपाय.

सहावा दोष सगळ्यांत घातक : गायब ओळींचा. जुन्या 'एक्सएलएस' फाईलमध्ये ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. नव्या 'एक्सएलएसएक्स'मध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. त्यापुढचे उरते ते बाहेरच राहते. इंग्लंडच्या आरोग्य खात्यात २०२० साली हेच घडले. प्रयोगशाळांकडून कोरोनाचे अहवाल सीएसव्हीने येत आणि ते जुन्या एक्सएलएस फाईलमध्ये भरले जात. एकेका रुग्णाला अनेक ओळी लागत, त्यामुळे फाईल लवकर भरे. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातील १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटले. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध तितके दिवस रखडला आणि संसर्ग पसरत राहिला. पैशाने व विद्येने एवढे समर्थ खाते, पण भरलेल्या फाईलच्या ओळी कोणी मोजल्या नव्हत्या.

आता फाईल उतरतच नाही किंवा उघडतच नाही, अशा तक्रारी. त्याच नावाची जुनी फाईल एक्सेलमध्ये उघडी असेल तर नवी तिच्या जागी लिहिता येत नाही, आधी ती बंद करावी. पेनड्राईव्ह भरलेला नाही ना, ते पाहावे. माहिती फार असेल व संकेतस्थळ मध्येच थांबत असेल, तर महिन्या-महिन्याने किंवा गावागावाने तुकडे करून उतरवावी. कधी "फाईलचे स्वरूप व तिचे नामाभिधान जुळत नाही" अशा अर्थाचा इशारा येतो. काही संकेतस्थळे वेबपानाचा साधा तक्ताच एक्सएलएस असे आडनाव लावून देतात, त्याचा हा परिणाम. फाईल आपण स्वतः खात्रीच्या जागेवरून उतरवलेली असेल तर उघडावी व एक्सएलएसएक्स म्हणून जतन करावी. मात्र क्रमांकांचे रकाने तपासून मगच. अनोळखी माणसाने पाठवलेल्या फाईलला असा इशारा आला तर ती उघडू नये.

पेशीत नुसत्या जाळीच्या खुणा दिसल्या तर काही बिघडलेले नाही. रकाना अरुंद आहे, तो रुंद करावा. दोन याद्या जुळवताना नाव समोर असूनही 'सापडत नाही' असे उत्तर आले, तर शब्दाच्या शेवटी एखादी रिकामी जागा राहिली असेल, किंवा एका यादीत क्रमांक मजकूर व दुसरीत संख्या असेल. आपल्या गावाचेच पाहा. कोणी 'जळगाव जामोद' लिहितो, कोणी 'जळगाव (जामोद)', कोणी 'जळगाव जा.', तर कोणी नुसते 'जळगाव'. माणसाला पहिली तीन एकच आहेत. यंत्राला ती तीन निरनिराळी गावे आहेत, आणि चौथे तर खानदेशातले. एक रूप ठरवावे आणि सर्व नोंदींत तेच ठेवावे.

आता योग्य रीत. सीएसव्ही फाईलवर दोनदा टिचकी मारून ती कधी उघडू नये. आधी कोरी एक्सेल फाईल उघडावी. वरच्या 'डेटा' या भागात 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडावे व आपली फाईल दाखवावी. जी चौकट येते तिच्यात तीन गोष्टी ठरवाव्यात. 'फाईल ओरिजिन'मध्ये ६५००१ क्रमांकाचे यूटीएफ-८ निवडावे, म्हणजे मराठी अक्षरे नीट येतात. 'डिलिमिटर'मध्ये स्वल्पविराम ठेवावा. 'डेटा टाईप डिटेक्शन'मध्ये 'डू नॉट डिटेक्ट' निवडावे, म्हणजे एक्सेल अंदाज बांधणार नाही व सर्व रकाने मजकूर म्हणून उतरतील. मग ज्यांची बेरीज करायची तेवढेच रकाने संख्या करावेत. ज्यांच्याकडे विकतचे एक्सेल नाही त्यांनी 'लिब्रेऑफिस कॅल्क' वापरावे. ते मोफत आहे आणि सीएसव्ही उघडतानाच अक्षरपद्धत, स्वल्पविराम व रकान्याचा प्रकार विचारते. मूळ उतरवलेली फाईल वेगळ्या जागी जशीच्या तशी ठेवावी. काम नेहमी नकलेवर करावे.

यानंतर पडताळणी. कापूस जिनात नेला की भरलेली गाडीही काट्यावर चढते आणि रिकामी झालेलीही. तसेच येथे करावे. डेटाबेसमध्ये नोंदी किती व एक्सेलमध्ये ओळी किती, हे दोन्ही आकडे कागदावर लिहावेत. रकमेची बेरीज दोन्हीकडे जुळवावी. मग यादीतली पहिली, शेवटची आणि मधली आठ-दहा नावे काढून त्यांचे खाते क्रमांक, तारीख, गाव मूळ नोंदीशी अंक न् अंक वाचून पाहावे. बँकेच्या आयएफएससी संकेताचा पाचवा वर्ण नेहमी शून्य असतो. तेथे इंग्रजी 'ओ' पडला असेल तर तोही याच वेळी सापडतो. या कामाला अर्धा तास लागतो.

हा अर्धा तास कशासाठी, तेही सांगतो. एनईएफटीने पाठवलेली रक्कम बँका वर्षानुवर्षे केवळ खाते क्रमांक पाहून जमा करीत आल्या आहेत. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दिसेल अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. तरी शेकडो नावांची यादी एकदम जाते तेव्हा यादीचा बरोबरपणा हाच खरा आधार असतो. २०१६-१७ पासून चालू असलेली स्वाधार योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींची आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या खोलीचे भाडे व जेवण त्या पैशांवर अवलंबून असते. रमाई घरकुलाचा हप्ता असो, संजय गांधी निराधार योजनेचे मानधन असो, एक अंक चुकला तर भिंत अर्धी राहते व चूल थंडावते.

ज्यांचे पैसे अडले आहेत त्यांनी नुसते "येतील" या उत्तरावर परत फिरू नये. पासबुक घेऊन जावे आणि नम्रपणे म्हणावे, "तुमच्या यादीत माझा खाते क्रमांक काय आहे, तो वाचून दाखवा." शेवटचा अंक, पुढचे शून्य, जन्मतारखेतील दिवस व महिना जुळवून पाहावा. चूक आढळली तर लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासोबत घरातल्या शिकलेल्या मुलाने जावे. तसेच आधार व खाते क्रमांकांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत. जेथे ओळख पटण्यापुरते काम असेल तेथे आधारचे शेवटचे चार अंक पुरतात.

खुर्चीवर बसलेल्या आपल्या मुलामुलींना एवढेच सांगणे आहे. यादी काढून द्या म्हणणाऱ्या साहेबाला त्या ओळींमधली माणसे दिसत नाहीत, त्याला एकूण आकडा हवा असतो. तुम्हाला ती माणसे ठाऊक आहेत. सूनगावची ती आजी, पिंपळगाव काळेचा तो विद्यार्थी, शेजारच्या गल्लीतली ती घरकुलवाली बाई, ही सगळी त्या रकान्यांतून गेलेली असतात. म्हणून फाईल पुढे पाठवण्याआधी ओळी मोजा, आणि निदान दहा क्रमांक तरी मोठ्याने वाचा.